शँप्लेन सरोवराच्या तळाशी बसलेली कालव्याची नाव: कुजली का नाही आणि वर का काढत नाहीत?

प्रश्न असा होता: अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरासमोर, शँप्लेन सरोवराच्या तळाशी दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी मालवाहू नाव धडधाकट बसली आहे हे खरं का? खरं असेल तर इतक्या वर्षांत लाकूड कुजलं कसं नाही? आणि एवढी चांगली असेल तर क्रेनने उचलून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

खरं आहे, आणि अशी नाव एकच नाही. त्यातली सगळ्यांत जास्त अभ्यासलेली म्हणजे ‘जनरल बटलर’. न्यूयॉर्क राज्यातल्या एसेक्स गावी १८६२ साली बांधलेली, लांबी ८८ फूट, रुंदी १४ फूट. ९ डिसेंबर १८७६ रोजी आइल ला मॉट बेटावरून संगमरवराचे ठोकळे घेऊन ती बर्लिंग्टनकडे निघाली होती. वादळात बंदराच्या तोंडाशी सुकाणूची यंत्रणा तुटली. कप्तान माँटगोमेरीने नांगर टाकला, सुकाणूच्या खांबाला साखळीने एक जादा दांडा जखडला आणि नांगराचा दोर तोडून ब्रेकवॉटरला, म्हणजे बंदराबाहेरच्या दगडी बांधाला, दक्षिणेकडून वळसा घालायचा प्रयत्न केला. पण ते जमलं नाही. लाटा नावेला उचलून उचलून बांधावर आपटत होत्या, त्या प्रत्येक आपटीला एकेक जण बर्फाळलेल्या दगडांवर उडी मारत गेला. कप्तान सगळ्यांत शेवटी उतरला आणि लगेच नाव बुडाली. पाचही जण वाचले, कारण जेम्स वेकफील्ड नावाचा दुकानदार मुलाला घेऊन १४ फुटी होडी वल्हवत त्यांच्यापर्यंत पोचला. १९८० साली ही नाव पाणबुड्यांना सापडली. खोली फक्त ४० फूट, म्हणजे १२ मीटर.

आधी ही नाव कोणत्या जातीची ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १८२३ साली शँप्लेन कालवा खुला झाला आणि सरोवर हडसन नदीला जोडलं गेलं. त्यातून ‘शिडाची कालवा-नाव’ हा प्रकार निघाला. सरोवरात दोन डोलकाठ्यांवर शिडं लावून चालायचं. दक्षिण टोकाला व्हाइटहॉलला पोचलं की डोलकाठ्या उतरवायच्या, तळातून खाली सोडलेला मधला फळा वर ओढून घ्यायचा आणि पुढे कालव्यात खेचरांनी ओढत न्यायचं. त्यामुळे डोलकाठी सागरी गलबतासारखी थेट तळापर्यंत रोवलेली नसते. ती डेकवरच्या तीन बाजूंनी बंद अशा लाकडी खोबणीत उभी असते आणि बिजागरीसारखी आडवी पडते. तळाशी गेलेल्या नावेत अशी खोबण आणि मधल्या फळ्याची उभी पेटी दिसली तर ती शिडाची नाव. दोन्ही नसतील तर ती साधी, बोटीमागे ओढत न्यायची नाव. बाकी आकार म्हणाल तर सरळसरळ पेटी: नाळ (पुढचं टोक) बोथट, तळ सपाट, बाजू उभ्या. देखणेपणा कमी, पण लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून नावा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या, हौदात इंच न् इंच भरून माल न्यायचा तर हाच आकार योग्य.

याच कारणामुळे नावेची लांबी-रुंदी हा तिचा जन्मदाखला ठरतो. कालव्याची लॉक वेळोवेळी मोठी केली गेली आणि नावा लगेच त्या मापाच्या झाल्या. १८२३ च्या वर्गाच्या नावा सुमारे ७९ फूट लांब व साडेतेरा फूट रुंद, १८६२ च्या सुमारे ८८ फूट व साडेचौदा फुटांच्या आतबाहेर, १८७३ च्या सुमारे ९७ फूट व साडेसतरा फूट. नावेचं नाव, कागदपत्रं, माल यातलं काहीही हाती नसलं तरी दोन मापांवरून वर्ग सांगता येतो.

इथे एक हमखास चूक होते. नव्या माणसाला रुंदी नेहमी जास्त भरते. डेकचे आडवे तुळये निखळले की बाजू बाहेरच्या अंगाला झुकतात, आणि साडेचौदा फुटांची नाव वरच्या कडेला सोळा-साडेसोळा मोजली जाते. मग वर्ग चुकतो आणि वय दहा वर्षांनी कमी लागतं. म्हणून रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: तळाच्या कोपऱ्यात, एखादा शाबूत तुळया असेल तर त्याच्या टोकापासून टोकापर्यंत, आणि नाळेच्या मागे जिथे सांधा घट्ट असतो तिथे. वरच्या कडेचं माप नोंदवायचं, पण त्यावर निष्कर्ष काढायचा नाही.

आता कुजण्याचा मुद्दा. समुद्रात लाकूड संपवतो तो शिपवर्म. नावात ‘वर्म’ असलं तरी हा शिंपल्याच्या कुळातला प्राणी, आणि तो लाकूड आतून पोखरतो. कोकणातले मच्छीमार लाकडी होड्या किनाऱ्यावर ओढून तळ सुकवतात, त्याचं एक कारण हेच. गोव्याजवळ सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासलेल्या पोर्तुगीजकालीन बुडालेल्या जहाजाच्या मुख्य वस्तू पाहा: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. उष्ण समुद्रात उघडं लाकूड टिकत नाही. शँप्लेनच्या गोड्या पाण्यात हा प्राणी नाही, त्यामुळे निम्मी लढाई तिथेच संपते.

दुसरा शत्रू बुरशी. जमिनीवर लाकूड फस्त करणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. पेशी पाण्याने पूर्ण भरलेल्या असतील तर तिचा श्वास कोंडतो. म्हणून दारातला खांब जमिनीलगत कुजतो, आणि विहिरीच्या तळाशी पडलेलं लाकूड वर्षानुवर्षं राहतं. उरतात ते जिवाणू. ते पेशीभित्तिकेतला सेल्युलोज फार सावकाश खातात आणि लिग्निन या लाकडातल्या चिवट घटकाचा सांगाडा मागे ठेवतात. थंड पाण्यात त्यांचा वेग आणखी मंदावतो, आणि गाळात गाडलेल्या भागात ऑक्सिजन जवळपास नसतोच. पण जिवाणूंचं खाणं दिसत नाही, हाच त्यातला धोका. फळी बाहेरून जशीच्या तशी दिसते. करवतीच्या खुणा, सुताराने मारलेली रेघ, सगळं जागच्या जागी असतं. पण ती आकार टिकवते ती आतल्या पाण्याच्या आधाराने.

हे मोजायची पद्धत साधी आहे. सडपातळ सुई हाताने लाकडात दाबायची: ओकमध्ये दोन-चार मिलिमीटर गेली तर गाभा शाबूत, लोण्यात जावी तशी सरळ आत गेली तर नाही. प्रयोगशाळेत लहान तुकडा ओला तोलायचा, १०५ अंशांवर सुकवून पुन्हा तोलायचा आणि फरकाला सुक्या वजनाने भागायचं. ओला ५० ग्रॅम, सुका १० ग्रॅम म्हणजे ४०० टक्के पाणी. १८५ टक्क्यांच्या खाली लाकूड बऱ्यापैकी, १८५ ते ४०० मध्यम खराब, ४०० च्या वर अगदी जर्जर, अशी वर्गवारी संवर्धनात रूढ आहे. एकाच फळीत तिन्ही वर्ग सापडू शकतात, म्हणून एका नमुन्यावर अख्ख्या नावेचा निकाल लावू नये.

लाकूड टिकतं, पण खिळे टिकत नाहीत. कालव्याच्या नावा लोखंडी खिळ्यांनी आणि लांब सळयांनी ठोकलेल्या असतात. काहींत तर बाजूच्या फळ्या एकीवर एक ठेवून कडेतून उभ्या सळया मारलेल्या असतात. गोड्या पाण्यात लोखंड समुद्रापेक्षा हळू गंजतं, पण गंजतंच. आधी डेकचे तुळये सुटतात, मग बाजू उघडतात, मग कधीतरी एक अख्खी बाजू आडवी पडते. तीन-चार मीटरपेक्षा उथळ पाण्यात बर्फ आणि लाटा हेच काम आधीच उरकतात. म्हणून धड नावा खोलवर सापडतात आणि किनाऱ्यालगत नुसते तळ.

यात १९९३ पासून झेब्रा शिंपल्यांची भर पडली. बोटाच्या पेराएवढा हा परका शिंपला कठीण पृष्ठभागाला धाग्यांनी चिकटतो आणि त्याचे थरावर थर चढतात. काढायला गेलात तर लाकडाचा मऊ पापुद्रा धाग्यांसोबत निघून येतो, आणि त्या पापुद्र्यावरच हत्यारांच्या खुणा असतात. थराखाली लोखंडाची झीज वाढते ती वेगळीच. शिंपले पाणी गाळतात त्यामुळे पाणबुड्यांना दूरवर दिसायला लागलं, हा त्यातला उफराटा फायदा. हे आक्रमण सुरू झाल्यावर शँप्लेन सागरी संग्रहालयाने सरोवराचा तळ सोनारने, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढणाऱ्या यंत्राने, पिंजून काढायचं काम हाती घेतलं, कारण शिंपल्यांचे थर चढण्याआधी मोजमाप होणं गरजेचं होतं.

शोध घेताना बाजूला ध्वनी फेकणारं सोनार केबलने मागे ओढतात. ते तळापासून किती उंच ठेवायचं? एका बाजूच्या पल्ल्याच्या १० ते २० टक्के. पल्ला ५० मीटर असेल तर पाच ते दहा मीटर. फार वर गेलं की सावली आखूड पडते आणि नाव म्हणजे नुसता डाग दिसतो. वस्तूची उंची सावलीवरूनच निघते: सावलीची लांबी गुणिले सोनारची तळापासूनची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं तिरपं अंतर. सावली ८ मीटर, सोनार ६ मीटर वर, अंतर ४० मीटर, तर उंची १.२ मीटर. तळापासून सव्वा मीटर उठलेली, कडा सरळ आणि कोन काटकोनी असलेली आकृती दिसली की खाली उतरून बघण्यासारखं काहीतरी आहे.

जागा चुकते ती जीपीएसमुळे नव्हे. जीपीएस बोटीवर असतं आणि सोनार तीस-चाळीस मीटर मागे असतं. ते अंतर हिशेबात घेतलं नाही तर पाणबुडे रिकाम्या गाळावर उतरतात. त्याच वस्तूवरून आधीच्या मार्गाला काटकोनात दुसरी फेरी मारली की ही चूक पकडली जाते.

खाली गेल्यावर नाळेपासून पिछाडीपर्यंत मध्यरेषेवर पोलादी टेप ताणायची. कापडी किंवा फायबरची टेप ताणल्यावर वाढते आणि प्रवाहात फुगते. २७ मीटरच्या मापात चूक व्हायला तेवढं पुरतं. मग दर मीटरला दोन्ही बाजूंना काटकोनात अंतरं घ्यायची. शिवाय नावेवर आठ-दहा पक्के बिंदू ठरवून प्रत्येकापासून प्रत्येकाचं अंतर आणि खोली मोजायची, आणि ती एकमेकांशी जुळतात का ते गणिताने तपासायचं. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दाखवणारं माप त्याच दिवशी पुन्हा घ्यायचं. फोटो जोडून त्रिमितीय प्रतिकृती करायची तर लागोपाठच्या फोटोंत ८० टक्के आणि शेजारच्या ओळींत ६० टक्के भाग सामाईक हवा. कॅमेरा मीटर-दीड मीटरवर आणि दिवे लांब बाहूंवर बाजूला, नाहीतर गाळाचे कण बर्फ पडल्यासारखे चमकतात. अशा नावेला दोन-तीन हजार फोटो सहज लागतात. आणि केवळ फोटोंवर विसंबलं तर लांब प्रतिकृती केळ्यासारखी वाकते. ते पक्के बिंदू तिला सरळ धरून ठेवतात. संगणकाने वाकवलेली नाव ‘मध्ये खचलेली’ म्हणून अहवालात जाऊ शकते, इतका हा बाक खरा वाटतो.

यात सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे पाणबुड्याची तळावरची मिनिटं. मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यांच्या एका प्रचलित तक्त्यात १२ मीटरवर टप्प्याटप्प्याने वर न येता १४७ मिनिटं राहता येतं, १८ मीटरवर ५० च्या घरात आणि ३० मीटरवर फक्त २० मिनिटं. ‘जनरल बटलर’वर एका बुडीत होणारं काम ३० मीटरवरच्या नावेवर सहा-सात बुड्या घेतं. ‘स्लूप आयलंड’ नावाने ओळखली जाणारी कालवा-नाव अशीच खोलवर आहे. तिचं उत्खनन २००२-०३ मध्ये झालं, आणि त्याचं कारणही ऐकण्यासारखं. बर्लिंग्टनच्या पाइन स्ट्रीट कालव्यात जुन्या गॅस कारखान्याच्या डांबराचं प्रदूषण होतं. ते झाकताना तिथल्या बुडीत नावांना हात लागणार होता. त्यांची भरपाई म्हणून ही स्वच्छ पाण्यातली नाव नीट अभ्यासायची, असं ठरलं. पिछाडीच्या खोलीत नावाड्याच्या कुटुंबाचा संसार मिळाला.

आता उचलण्याकडे. अशा नावेत लाकूड किती? तळ, बाजू, डेक, फासळ्या धरून मी ३३ ते ३५ घनमीटर धरीन. पाण्यात बुडालेलं असताना भिजलेल्या पाइनच्या एका घनमीटरचं वजन १३० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे अख्खी नाव साडेचार टन. तेच पाण्याबाहेर काढा, घनमीटरला ११०० किलोच्या वर, म्हणजे ३५ ते ४० टन. गाळ आणि लोखंड यात धरलेलंच नाही. खिळे गेलेल्या पेटीवर हा आठ-नऊपट भार पाण्याचा पृष्ठभाग ओलांडतानाच्या काही मिनिटांत येतो. आतला गाळ उपसला नाही तर वजन पेलत नाही, उपसला तर बाजूंना आतून आधार राहत नाही. त्यामुळे नुसते खालून पट्टे घालून उचलणं हा विषयच नाही. पोलादी पाळणा करून त्यात बसवून उचलावी लागते, आणि पाळण्याचे पट्टे सरकवायला तळाखाली बोगदे काढावे लागतात.

आणि उचलणं हा सोपा भाग. वर आल्या आल्या पाण्याचे फवारे अखंड सुरू हवेत. लाकूड नुसतं सुकू दिलं तर पेशी कोलमडतात, फळी आकसते, चिरते, पिळवटते, आणि हे परत फिरवता येत नाही. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ पाण्याची जागा घेईपर्यंत मुरवतात. कमी तीव्रतेपासून सुरुवात करून वर्षानुवर्षं वाढवत न्यायचं. घाई केली तर बाहेरचा थर भरतो आणि ओकचा गाभा कोरडा राहून आतून फाटतो. स्वीडनचं ‘वासा’ हे बुडालेलं जुनं जहाज १९६१ साली वर आलं. त्यावर १७ वर्षं फवारणी चालली, नंतर नऊ वर्षं सावकाश सुकवणं, आणि २००० च्या सुमारास कळलं की लाकडातलं गंधक आणि लोखंड मिळून आम्ल तयार होतंय. गोड्या पाण्यात गंधकाचा त्रास कमी, पण लोखंड आहेच.

याच्या उलटं उदाहरण मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे उपसागरातल्या ‘अल्विन क्लार्क’चं. १८६४ साली बुडालेलं हे शिडाचं जहाज १९६९ मध्ये ११० फुटांवरून इतक्या उत्तम स्थितीत वर आलं की ते तरंगलंसुद्धा. संवर्धनाला पैसा नव्हता. उघड्यावर ठेवलं, कुजत गेलं आणि १९९४ साली पाडून टाकावं लागलं. थंड पाण्याने १०५ वर्षं सांभाळलेलं जहाज माणसाच्या हाती २५ वर्षांत संपलं. शँप्लेनमधूनच १९३५ साली ‘फिलाडेल्फिया’ ही १७७६ ची लढाऊ नाव काढली होती, ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण ती ५४ फुटी आहे, तिच्या पाठीशी राष्ट्रीय संग्रहालय उभं आहे, आणि तिच्यावरचं काम अजूनही संपलेलं नाही. तिची जोडीदार ‘स्पिटफायर’ १९९७ मध्ये सापडली आणि अजून तळाशीच आहे. माझ्या मते तेच योग्य.

नाव लोकांना दाखवायची तर तेव्हा दुसरा मार्ग निघाला होता. ‘जनरल बटलर’ आणि तिच्याच वर्गातली ‘ओ. जे. वॉकर’ या दोघींच्या मापांवरून संग्रहालयाने ‘लोइस मॅक्लूर’ ही पूर्ण आकाराची ८८ फुटी नाव बांधली आणि २००४ साली पाण्यात सोडली. ‘वॉकर’ ११ मे १८९५ रोजी विटा आणि कौलं घेऊन बुडाली. ती ६५ फुटांवर आहे, विटांचे ढीग आणि त्या वाहायच्या हातगाड्या अजून तिथेच आहेत. हातगाडी कुठे पडली यावरून नाव कोणत्या बाजूला कलंडली ते कळतं. ती गाडी आठवण म्हणून वर आणली की तेवढा पुरावा गेला.

छोट्या वस्तू अभ्यासासाठी वर काढतातच. त्यातली पहिली चूक म्हणजे ‘जरा पुसून ठेवू’. चामडं, लाकूड, दोर काहीही असो, त्याच पाण्यात, त्याच डब्यात, थंड आणि अंधारात ठेवायचं. लोखंड अल्कधर्मी (अल्कलाइन) द्रावणात. डब्यावर क्रमांक नसेल तर वस्तू आहे एवढंच कळतं, कुठली ते नाही.

अशी नाव कुणाला सापडलीच तर: जागेचे अक्षांश-रेखांश, खोली आणि तारीख टिपा, दुरून फोटो घ्या, आणि ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने राज्याच्या पाण्यात रुतलेल्या बेवारस जहाजांची मालकी राज्याकडे जाते, म्हणून राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवायचं. भारतात शंभर वर्षांवरच्या अवशेषांना १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा लागू होऊ शकतो, आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा स्वतंत्र विभाग २००१ पासून आहे.

आणि बर्लिंग्टनला कुणी नातेवाईक असतील, बुडी मारण्याचा परवाना असेल, तर ‘जनरल बटलर’ बघता येते. १९८५ पासून ती व्हर्माँटच्या पाण्याखालच्या वारसा-क्षेत्रात आहे. आधी आपलं नाव नोंदवायचं. बोट पिवळ्या बोयालाच बांधायची. नांगर टाकायचा नाही, कारण टाकलेला नांगर डेकच्या फळीतून सरळ आरपार जातो. दोर धरून खाली उतरायचं. तळाला उन्हाळ्यातही पाणी झोंबणारं असतं, ड्राय सूट किंवा जाड सूट हवा. पोहण्याचे पंख वर ठेवून बेडकासारखे पाय मारायचे, नाहीतर एका फटक्यात गाळ उठतो आणि मागच्या चौघांना काही दिसत नाही. पिछाडीला गेलात की सुकाणूचा खांब शोधा. माँटगोमेरीने साखळीने दांडा जखडला होता तो तिथेच.